मॉरिशसचे पक्षी, वटवाघळं आणि कासवं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशसला फिरायला निघालेले, नोकरीनिमित्त तिथे राहणारे, आणि ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा मुंबई बंदरातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, तिकडे गेले अशा घरांतले, असे तिन्ही प्रकारचे मराठी वाचक तिथल्या पक्ष्या-प्राण्यांबद्दल प्रश्न पाठवत असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मॉरिशसमध्ये मूळचं म्हणावं असं काय आहे? हरणं, माकडं तर दिसतात की!

हरणं आणि माकडं दोन्ही माणसाने आणलेली. हे बेट साधारण ८० लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीमुळे समुद्रातून वर आलं आणि कुठल्याच खंडाला कधी जोडलेलं नव्हतं. त्यामुळे जे उडत आलं, वाहत आलं किंवा वाऱ्यावर आलं तेवढंच इथे रुजलं: पक्षी, वटवाघळं, पाली, सापसुरळ्या, कासवं आणि झाडांच्या बिया. जमिनीवर चालणारा एकही सस्तन प्राणी इथे पोहोचला नाही, बेडूकही नाही. वटवाघूळ हाच काय तो मूळचा सस्तन.

जे मूळचं आहे ते स्थानिक. त्यातलं जे जगात दुसरीकडे कुठेच नाही ते प्रदेशनिष्ठ, उदाहरणार्थ गुलाबी कबूतर. माणसाबरोबर आलेलं ते आगंतुक, आणि आगंतुकांपैकी जे स्थानिकांच्या जिवावर उठतं ते आक्रमक. पुढची सगळी उत्तरं याच चार शब्दांवर उभी आहेत. देशाच्या राजचिन्हावर एका बाजूला डोडो आहे आणि दुसऱ्या बाजूला हरीण. एक इथलाच, पण नामशेष झालेला. दुसरं डचांनी १६३९ मध्ये जावाहून आणलेलं आणि आजही रानात चरणारं. या बेटाचा सगळा इतिहास त्या दोन प्राण्यांत आला.

२. डोडो खलाशांनी खाऊन संपवला, असं शाळेत शिकलो. खरं ना?

अर्धवट खरं. डच इथे १५९८ मध्ये उतरले आणि त्यांनी डोडो मारले, खाल्लेही. पण तेव्हा बेटावर माणसं मूठभर आणि जंगल किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत पसरलेलं. केवळ शिकारीने एवढा पक्षी इतक्या लवकर संपत नाही. जहाजांतून उतरलेले उंदीर, डुकरं आणि माकडं यांनी खरा घात केला. डोडो उडत नसे आणि घरटं जमिनीवर करी. अंडं खाणारा चार पायांचा प्राणी त्याच्या पूर्वजांनी कधी पाहिलाच नव्हता. बहुतेक अभ्यासक मानतात ती डोडोची शेवटची नोंद १६६२ ची. म्हणजे भेट झाल्यापासून पासष्ट वर्षंसुद्धा तो टिकला नाही.

डोडो हा कबुतराच्या कुळातला. आज जिवंत असलेला त्याचा सर्वांत जवळचा नातलग आपल्या अंदमान-निकोबारमध्ये सापडतो: निकोबारी कबूतर.

३. डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजतच नाही, असं एक झाड तिथे आहे म्हणतात. कोणतं?

तांबालाकोक. स्टॅन्ली टेंपल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये तो तर्क मांडला आणि गोष्ट इतकी सुंदर होती की जगभर पसरली. ती टिकली नाही. हे बी डोडोशिवायही रुजतं, आणि तांबालाकोकची तरुण झाडंही सापडली. झाड दुर्मिळ झालं त्याला माकडं, डुकरं, हरणं आणि परकी झुडपं कारणीभूत आहेत. मात्र मोठी फळं गिळून बिया लांब नेणारे प्राणी गेले की जंगल आतून खंगतं, हा टेंपल यांच्या तर्कातला गाभा खोटा नाही. तो प्रश्न ११ मध्ये पुन्हा भेटेल.

४. जगात फक्त चार शिल्लक राहिलेला ससाणा वाचला, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. आपल्या माळरानावर एकाच जागी पंख फडफडवत हवेत थांबणारी खरूची तुम्ही पाहिली असेल. तिचीच ही बहीण, मॉरिशसची खरूची. ती मात्र रानातली. आखूड पंखांनी झाडांमधून वळणं घेत हिरव्या पाली पकडते. जंगल तुटलं, त्यात मलेरियाच्या डासांसाठी डीडीटी हे कीटकनाशक फवारलं गेलं आणि अंड्यांची कवचं पातळ झाली. लोक तिला ‘मांझेर द पूल’, म्हणजे कोंबड्या खाणारी, म्हणत. त्या नावापायी गोळ्याही खूप घातल्या गेल्या. १९७४ मध्ये रानात चार पक्षी माहीत होते आणि त्यांत अंडी घालणारी मादी एकच.

१९७९ मध्ये कार्ल जोन्स नावाचा वेल्सचा तरुण जीवशास्त्रज्ञ तिथे गेला. ज्या प्रकल्पासाठी तो गेला तो गुंडाळण्याच्या बेतात होता. त्याने गुंडाळला नाही. त्याची युक्ती कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही बाईला कळेल अशी आहे: पहिली अंडी उचलली की मादी पुन्हा अंडी घालते. उचललेली अंडी उबवणीयंत्रात, दुसरी खेप आईकडे. रानातल्या जोड्यांना वरचा आहार म्हणून पांढरे उंदीर दिले. ढोल्या कमी होत्या म्हणून झाडांवर पेट्या टांगल्या. वाढवलेली पिल्लं रानातल्या पेटीत ठेवून, स्वतः शिकार करू लागेपर्यंत त्यांना भरवलं. १९८४ ते १९९४ या काळात तीनशेहून अधिक पक्षी सोडले गेले. जोन्स यांना २०१६ मध्ये वन्यजीव संरक्षणासाठीचं इंडियानापोलिस पारितोषिक मिळालं.

पण ही गोष्ट ‘आणि मग सगळं छान झालं’ अशी सांगितली जाते तेव्हा मला अस्वस्थ व्हायला होतं. १९९४ मध्ये धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत या पक्ष्याची एक पायरी सुधारली होती. २०१४ मध्ये त्याला पुन्हा ‘संकटग्रस्त’ ठरवावं लागलं. त्याला हवं तसं जंगल वाढलं नाही, तर पक्षी सोडून किती सोडणार?

५. गुलाबी कबूतर आणि एको पोपट यांनाही असंच वाचवलं का?

पद्धती त्याच, अडचणी वेगळ्या. १९९०-९१ च्या सुमारास गुलाबी कबुतरं रानात जेमतेम दहा उरली होती. आज ती चारशे-पाचशेच्या घरात आहेत आणि २०१८ मध्ये त्यांची धोक्याची श्रेणी सौम्य झाली. निसर्गलेखक जेराल्ड ड्युरेल १९७० च्या दशकात मॉरिशसला आले आणि जर्सी बेटावरच्या त्यांच्या प्राणिसंग्रहालयाने या कबुतरांची पैदास हाती घेतली. कबुतरांना आजही ठरावीक जागी धान्य ठेवलं जातं. परक्या पारव्या-होल्यांकडून येणारा घशाचा एक संसर्ग त्यांची पिल्लं मारतो, म्हणून धान्याच्या जागा स्वच्छ ठेवाव्या लागतात. आणि सगळी पाखरं मोजक्याच आईबापांची असल्याने रक्त फार जवळचं झालं आहे. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जपलेल्या कबुतरांचं रक्त परत रानात आणणं म्हणूनच महत्त्वाचं.

एको पोपट १९८० च्या दशकात पंधरासुद्धा नव्हते. मॉरिशस, रियुनियन, रॉड्रिग्ज या तिन्ही शेजारी बेटांवरच्या मूळ पोपटांपैकी हा एकटाच उरला आहे. जुन्या झाडांच्या ढोल्या संपल्या होत्या म्हणून पेट्या लावल्या आणि आज साडेसातशेच्या वर पक्षी आहेत. मध्ये चोच आणि पिसं झडवणाऱ्या विषाणूने तडाखा दिला होता.

यांच्या प्रसिद्धीआड एक चिमुकला पक्षी राहून जातो: ऑलिव्ह चष्मेवाला. ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. उंदीर त्याच्या घरट्यांवर चढतात. त्याच्यासाठी कुणी टी-शर्ट छापत नाही. मला त्याची काळजी सगळ्यांत जास्त वाटते.

६. मॉरिशसचा राष्ट्रीय पक्षी कोणता? डोडो की विमानावर दिसतो तो लांब शेपटीचा?

दोन्ही नाहीत. मार्च २०२२ मध्ये, प्रजासत्ताकाला ३० वर्षं झाली तेव्हा, खरूचीला तो मान मिळाला. एअर मॉरिशसच्या विमानांवरचा पांढरा समुद्रपक्षी तो पायांके.

७. साळुंकी, शिपाई बुलबुल, पोपट हे तर आपल्या अंगणातले पक्षी. त्यांच्यावर राग का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि मला तो समजतो. परमुलखात साळुंकीचा आवाज कानी पडला की बरं वाटतं. त्या पक्ष्याचा दोष काहीच नाही. १७६२ मध्ये टोळांचा बंदोबस्त करण्यासाठी साळुंक्या भारतातून मुद्दाम नेल्या गेल्या. किडींविरुद्ध दुसरा जीव वापरण्याच्या जगातल्या सर्वांत जुन्या उदाहरणांत त्याची गणना होते. पुढे साळुंकी बेटभर झाली. शिपाई बुलबुल १८९२ मध्ये आला. आपला पोपटही एकोणिसाव्या शतकात पिंजऱ्यातून सुटून रानोमाळ झाला. बंदरावरचा कावळा आपला, घरातली चिचुंद्री आपली, कवड्या सापसुद्धा बाहेरून आलेलाच.

आपल्याकडे यांना आवर घालणारं बरंच काही आहे: शिक्रा, साप, रानमांजर, रोग, एकमेकांशी चाललेली स्पर्धा. तिथे तो आवर नाही. साळुंकी आणि पोपट ढोल्या बळकावतात. बुलबुल चिनी पेरू आणि घाणेरीची फळं खाऊन त्यांच्या बिया उरल्यासुरल्या मूळ जंगलात टाकतो. आपल्या अंगणात जो जीव जागच्या जागी आहे तोच दुसऱ्याच्या घरात संसार मोडतो, हे पचायला कठीण आहे. पण या विषयातली मूळ गोष्ट हीच आहे.

८. मुंगूस सापांसाठी नेला का?

नाही, उंदरांसाठी. १९०० मध्ये भारतातून. बेटावर प्लेग आला होता आणि तो उंदरांमुळे पसरत होता. उंदीर रात्री हिंडतो आणि मुंगूस दिवसा, त्यामुळे दोघांची गाठ फारशी पडत नाही. मुंगसाला जमिनीवरची पाखरं, अंडी आणि सापसुरळ्या सोप्या पडल्या. गुलाबी कबूतर दाणे टिपायला खाली उतरतं तेव्हा त्याला सर्वांत मोठी भीती मुंगसाची आणि मांजराची.

९. उंदीर, मांजरं मारून पक्षी वाचवायचे हे क्रूर नाही का? जीव सगळे सारखेच ना?

सारखेच. म्हणून हा प्रश्न झटकून टाकू नये.

उंदीर त्या बेटावर स्वतःहून आला नाही, त्याला माणसाच्या जहाजाने उतरवलं. त्या क्षणी घरट्यातल्या पिल्लांचं मरण आपण ठरवलं होतं, फक्त ते आपल्याला दिसत नव्हतं. आज सापळे काढून घेतले तर मरण थांबणार नाही. ते रात्री, झाडावर, कुणाच्या नजरेस न पडता चालू राहील. सापळ्यातला उंदीर दिसतो आणि घरट्यातली पाच दिवसांची पिल्लं दिसत नाहीत, एवढ्यावर दयेचा हिशेब मांडता येणार नाही. त्यातून उंदीर जगभर अब्जावधी आहेत आणि ऑलिव्ह चष्मेवाला फक्त या एका बेटावर. तो गेला की त्याच्या लाखो वर्षांच्या वाटचालीचं काहीच मागे उरणार नाही.

तरीही पद्धतीबद्दल आग्रह धरलाच पाहिजे. विष पेटीत ठेवलेलं हवं, उघड्यावर नको. सापळा तत्काळ जीव घेणारा हवा आणि रोज तपासलेला हवा. हे काम करणाऱ्याला त्रास होतो, आणि ज्याला होत नाही त्याच्या हाती ते काम देऊ नये असं माझं मत आहे. छोट्या बेटावर उंदीर एकदाच पूर्णपणे हटवता येतात, पुन्हा मारावे लागत नाहीत. मोठ्या बेटावर ते शक्य नाही, म्हणून तिथे घरट्यांच्या भागापुरते सापळे वर्षानुवर्षं लावावे लागतात. त्या दृष्टीने छोटी बेटं (प्रश्न १३) जास्त दयाळू उपाय आहेत.

१०. गंगा तलावावर (मॉरिशसमधलं हिंदूंचं तीर्थ) माकडांना केळी घातली तर काय बिघडतं? हनुमानाचं रूप आहे ते. शिवाय ती जात संकटग्रस्त आहे असंही वाचलं.

श्रद्धेला हात न लावता सांगतो. ही माकडं आपली लालतोंडी वानरं नव्हेत. आग्नेय आशियातली लांब शेपटीची जात आहे, चारशे वर्षांपूर्वी जहाजांतून आलेली. गंगा तलावाला लागूनच ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान आहे. आयत्या खाण्यावर माकडांचे कळप वाढतात आणि तेच कळप आतल्या जंगलात घरटी लुटतात, फळं कच्ची असतानाच तोडून टाकतात. नैवेद्य देवापुढे ठेवावा आणि उरलेला प्रसाद माणसांत वाटावा. एवढं पुरे.

आता संकटग्रस्त असण्याबद्दल. २०२२ मध्ये या जातीला जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ म्हटलं गेलं, हे बरोबर आहे. तिच्या मूळ मुलखात, म्हणजे आग्नेय आशियात, तिला पकडण्याचं आणि विकण्याचं प्रमाण भयंकर आहे. तिथे तिला वाचवलंच पाहिजे. मॉरिशसमध्ये तीच जात आक्रमक आहे. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. मॉरिशसमधून प्रयोगशाळांसाठी माकडं मोठ्या संख्येने निर्यात होतात. तो धंदा म्हणजे पक्षीसंरक्षण, असं कुणी सांगितलं तर मात्र मानू नका. त्या व्यवसायाचं गणित निराळं आहे.

११. बाहेरचं सगळं हटवायचं म्हणता, मग अल्दाब्राची कासवं मुद्दाम का आणली?

चोख हरकत आहे. मॉरिशसची स्वतःची महाकाय कासवं होती. खलाशांनी ती जहाजांत भरून नेली आणि जात संपली. ती कासवं झाडपाला खुडत, पडलेली फळं खात, बिया लांब नेऊन टाकत. ती गेल्यावर ते काम करणारं कुणी उरलं नाही.

माएबूर्ग गावासमोरच्या इल ओ एग्रेत या २६ हेक्टरांच्या प्रवाळी बेटावर २००० सालापासून सेशेल्सकडची अल्दाब्रा कासवं सोडली आहेत. तिथे एबनीची एक जात आहे, आपल्या टेंभुर्णीच्याच वंशातली. डचांनी याच काळ्या लाकडासाठी जंगलं तोडली होती. कासवांनी तिची फळं खाल्ली आणि झाडं तुटलेल्या भागांत नवी रोपं उगवू लागली. कासव हळू फिरतं, कुंपणात राहतं, नको झालं तर उचलून नेता येतं. मुंगसाचं तसं नाही. ‘बाहेरचं’ या शब्दापेक्षा तो जीव तिथे काय करतो आणि चूक झाली तर ती सुधारता येते का, हे दोन प्रश्न महत्त्वाचे.

१२. वटवाघळं स्थानिक आहेत, मग सरकारनेच ती का मारली?

लिची आणि आंब्यासाठी. ही फळं खाणारी मोठी वटवाघळं बागांवर उतरतात हे खरं आहे. डिसेंबरात लिचीचे घड डोळ्यांदेखत जाताना पाहणाऱ्या बागायतदाराचा संताप आपल्या आंबा बागायतदारांना सांगायला नको. २०१५ मध्ये नवा जैवविविधता कायदा आला आणि त्याच्या आधारे तीस हजारांहून अधिक वटवाघळं मारली गेली. पुढे २०१६, २०१८ आणि २०२० मध्येही मोहिमा झाल्या. २०१८ मध्ये या जातीला जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ ठरवावं लागलं.

मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. चक्रीवादळ आलं की हजारोंनी मरतात. मूळ झाडांपैकी कित्येकांच्या बिया दूर नेणारं आज हे एकच जनावर उरलं आहे. त्याला मारणं म्हणजे जंगलाचा माळी मारणं. आणि बागेतल्या नुकसानीत पोपट, साळुंकी, बुलबुल, उंदीर, माकडं यांचाही हात असतो. बोल मात्र रात्री पंख पसरून येणाऱ्याला लागतो.

उपाय माहीत आहे: झाडं आटोपशीर छाटून त्यांवर जाळी. सरकारने जाळ्यांना अनुदान दिलंही आहे. परसात एकच उंच, जुनं लिचीचं झाड असलेल्या घराला जाळी टाकणं खरोखर अवघड जातं, हे नाकारून चालणार नाही. अशा घरांना शेंड्यावरची फळं सोडून देऊन खालचे घड पिशव्यांनी झाकता येतात. बंदुकीने तो प्रश्न सुटला नाही, कारण मारलेल्यांच्या जागी दुसरी वटवाघळं आली.

१३. राउंड आयलंडचं नाव सारखं ऐकू येतं. तिथे एवढं काय आहे?

मॉरिशसच्या उत्तरेला सुमारे २२ किलोमीटरवर, दोनशेवीसेक हेक्टरांचा खडक. तिथे उंदीर कधी पोहोचलाच नाही, म्हणून मुख्य बेटावरून पुसले गेलेले सरपटणारे जीव तिथे टिकले. मात्र कुणीतरी बकऱ्या आणि ससे सोडले होते. त्यांनी झाडोरा फस्त केला आणि माती समुद्रात वाहून गेली. बकऱ्या १९७९ पर्यंत आणि ससे १९८६ मध्ये हटवले. सशांच्या कामाला न्यूझीलंडहून माणसं आली होती. एका बोआ सापाला मात्र उशीर झाला. बिळात राहणारी ती जात १९७५ नंतर कुणाला दिसलेली नाही. दुसरी बोआ वाचली. तिचा वरचा जबडा मधून दुमडतो, अशी रचना क्वचितच कुणा पाठीच्या कण्याच्या प्राण्यात असते. सगळी अंडी एका टोपलीत नकोत म्हणून २०१२ मध्ये काही बोआ कोअँ द मीर या शेजारच्या बेटावर नेल्या.

पर्यटकांना राउंड आयलंडवर जाता येत नाही. एक गाभण उंदरीण उतरली तर चाळीस वर्षांचं काम पाण्यात जाईल.

१४. चिनी पेरू तोडून खाल्ले तर जंगलाला मदतच होते ना?

मोसमात डोंगरावर जाऊन ‘गुयाव द शिन’ तोडायचे आणि मीठ-मिरची लावून खायचे, ही तिथल्या सगळ्याच समाजांची आवडती सहल आहे. खा, पण मदत होते असं समजू नका. झुडूप तसंच राहतं आणि थुंकलेल्या बियांतून आणखी उगवतात. चांगल्या अवस्थेतलं मूळ जंगल आज बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे आणि त्याला सगळ्यांत जास्त याच पेरूने वेढलं आहे.

खरी मदत म्हणजे निंदणी. जंगलाचे तुकडे हरणं-डुकरं येऊ नयेत म्हणून कुंपणाने बंद करतात आणि माणसं ओळीने चालत परकी रोपं मुळासकट उपटतात. दोन-तीन वर्षांनी पुन्हा तेच. भाताची बेणणी केलेल्याला हे काम सांगावं लागत नाही. फरक इतकाच की इथे चुकून उपटलेलं रोप जगातल्या शेवटच्या पन्नासांतलं असू शकतं. प्रत्येक मजुराला झाड पानावरून ओळखता यावं लागतं.

१५. २०२० च्या तेलगळतीत पक्षी गेले का?

२५ जुलै २०२० रोजी वाकाशियो हे मालवाहू जहाज प्वँत देनीजवळच्या प्रवाळावर चढलं आणि ६ ऑगस्टला तेल गळू लागलं. सुमारे हजार टन. इल ओ एग्रेत अगदी समोर. तिथली दुर्मिळ रोपं आणि काही पक्षी घाईने मुख्य बेटावर हलवले. किनारी बेटांवरच्या छोट्या पाली आणि सापसुरळ्या पकडून पैदाशीसाठी जर्सीला पाठवल्या. म्हणजे जमिनीवरच्या पक्ष्यांचा थेट संहार टळला. खारफुटी आणि मातीवरचा परिणाम वर्षानुवर्षं मोजावा लागतो.

त्या आठवड्यात लोकांनी सरकारी यंत्रणेची वाट पाहिली नाही. उसाचं पाचट पोत्यांत आणि कापडी नळ्यांत भरून समुद्रात तरंगते बांध घातले. ऊस लावण्यासाठी ज्यांच्या पूर्वजांना तिथे नेलं त्यांनीच उसाच्या पाचटाने किनारा अडवला. ते फोटो पाहताना माझे डोळे भरून आले होते.

१६. रॉड्रिग्ज बेटावर वेगळं काही आहे का?

आहे, आणि तिथली बातमी जास्त चांगली आहे. रॉड्रिग्जचा वटवट्या आणि रॉड्रिग्जची फोडी, दोन्ही पक्षी १९६०-७० च्या दशकांत मोजक्या जोड्यांवर आले होते. झाडं लावली, पाणलोट राखले, आणि आज दोघेही हजारोंनी आहेत. तिथलं सोनेरी वटवाघूळ शंभराच्या खाली गेलं होतं, तेही हजारोंत पोहोचलं.

झाडांपैकी ‘काफे मारों’ नावाची रानकॉफी संपली असं मानलं जात होतं. १९८० मध्ये शिक्षकाने वर्गात चित्र दाखवलं आणि एका विद्यार्थ्याने तसलं झुडूप शोधून आणलं. जगात एकच. त्याची फांदी लंडनच्या क्यू उद्यानात नेऊन जगवली आणि बी धरायला २००३ उजाडलं.

१७. सहलीत हे सगळं पाहायचं तर कुठे जावं? काय पाळावं?

एकच दिवस असेल तर इल ओ एग्रेत. प्वँत झेरोमहून मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनच्या मार्गदर्शकाबरोबर होडीने जाता येतं. गुलाबी कबूतर, फोडी, कासवं आणि टेलफेअरची सापसुरळी एका फेरीत भेटतात. दोन दिवस असतील तर ब्लॅक रिव्हर गॉर्जेसमध्ये पेत्रँ ते माकाबे ही वाट. पूर्वेला फर्नी खोऱ्यात खरूची दिसते.

बुटांचे तळवे घरून निघताना घासून धुवा, मातीत बिया असतात. फळं, बिया, रोपं, तुळशीची माती यांतलं काहीही परवानगीशिवाय नेता येत नाही. नातेवाइकांसाठी हापूसची पेटी न्यायची इच्छा असली तरी फळमाशीची एक अळी पुरते. शंख-शिंपले आणि प्रवाळ उचलू नका.

१८. एको पोपट आणि आपला पोपट दिसायला सारखेच. ओळखायचे कसे?

शहरात, वस्तीत, शेतात, तारेवर दिसला तर जवळजवळ नक्की आपलाच. एको मूळ जंगल सहसा सोडत नाही. तो अंगाने भरलेला, रंगाने गडद पाचूसारखा, शेपूट आखूड आणि आवाज खालच्या पट्टीतला. सर्वांत सोपी खूण मादीची: एकोच्या मादीची चोच काळपट, आपल्या पोपटाच्या मादीची लाल.

१९. आम्ही व्हाकोआला राहतो. अंगणात दाणे टाकतो, ते बंद करावं का?

जंगलापासून लांब असाल तर फार मोठं नुकसान नाही, पण खाणार ते पारवे, होले आणि साळुंक्याच. उद्यानाच्या काठावर राहत असाल तर बंद करा. गर्दीच्या खाण्यातून प्रश्न ५ मधला घशाचा संसर्ग पसरतो. दाण्यांऐवजी स्थानिक झाड लावा. ते रोपवाटिकेतून आणा, जंगलातून उपटून आणू नका. आणि मांजर रात्री घरात ठेवा.

२०. गणपती विसर्जनाने तिथल्या समुद्राला धोका होतो का?

मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि मराठी मंडळी मूर्ती नदीवर किंवा किनाऱ्यावर नेतात. प्रवाळाच्या बांधाआड तिथलं पाणी उथळ असतं, गिरगाव चौपाटीसारखं खुलं नसतं, म्हणून रंग आणि प्लास्टर तिथेच साचतात. मातीची, बिनरंगी किंवा मातीच्याच रंगाची मूर्ती आणि निर्माल्य परत घरी, हे दोन नियम पाळले तर प्रवाळाला होणारा त्रास बराच कमी होतो.

२१. डोडो परत आणणार आहेत म्हणे. मग एवढी धडपड कशाला?

कोलोसल बायोसायन्सेस या अमेरिकी कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये तशी घोषणा केली आणि त्याच वर्षी मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनशी हात मिळवला. योजना अशी की निकोबारी कबुतराच्या जनुकांत बदल करून डोडोसारखा पक्षी घडवायचा. तो झालाच तर जमिनीवर अंडी घालणार, आणि उंदीर, डुकरं, माकडं आजही तिथेच आहेत. त्याला ठेवायला उंदीरमुक्त बेटच लागेल. म्हणजे प्रश्न १३ मधलं काम आधी करावं लागेल. या निमित्ताने त्या कामाला पैसा मिळाला तर मला आनंदच आहे.

२२. वाटेत पिल्लू पडलेलं सापडलं तर उचलावं का?

पिसं फुटलेलं, उड्या मारणारं असेल तर आईबाप जवळच असतात. फक्त कुत्र्या-मांजराच्या वाटेतून बाजूच्या झुडपावर ठेवा आणि निघा. उघडं-नागडं पिल्लू असेल आणि घरटं हाताशी दिसत असेल तर परत ठेवा. माणसाचा वास लागला की आई टाकते, हा समज चुकीचा आहे. खरूची, गुलाबी कबूतर किंवा एको यांपैकी काही असल्याची शंका आली, किंवा पायात रंगीत कडी दिसली, तर भरवू नका, पाणी चोचीत घालू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा आणि राष्ट्रीय उद्यान विभागाला कळवा. कडीचे रंग आणि कुठल्या पायात ती होती, हे आठवणीने सांगा. त्यावरून तो पक्षी कोणत्या घरट्यातला, हे त्यांना कळतं.